फोनचा पडदा दूरचित्रवाणीवर : शेतीशाळेसाठी एक उपयुक्त साधन

(कृषि अधिकारी, पाचोरा, जि. जळगाव)

पाचोरा तालुक्यातील शेतकऱ्याच्या खिशात आज जो फोन असतो, त्याच्या कॅमेऱ्याने कपाशीच्या पानाखाली दडलेला तुडतुडाही टिपता येतो. तथापि टिपलेले चित्र एका वेळी एकाच, फार तर दोन माणसांना पाहता येते. पीकसंरक्षणाचे काम तर एकट्याने साधण्याजोगे नाही. शेजारच्या शेतात कीड राहिली तर आपल्या शेतातील फवारणीचे मोल चार दिवसांत संपते. म्हणून जे पाहावयाचे ते साऱ्या शिवाराने मिळून पाहिले पाहिजे. फोनच्या पडद्यावरील चित्र गावातील दूरचित्रवाणी संचावर कसे दाखवावे, त्याकरिता कोणती साधने लागतात, खर्च कोठे करावा व कोठे करू नये आणि हे करताना कोणती सावधगिरी बाळगावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

एक अनुभव

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष ज्या प्रसंगाने वेधले, तो प्रथम सांगणे इष्ट होईल. तालुक्यातील एका गावी कपाशीची शेतीशाळा भरली होती. पस्तीसएक शेतकरी मारुतीच्या पारावर जमले होते. गुलाबी बोंडअळीची लहान अवस्था कशी दिसते, हे दाखविण्यासाठी लेखकाने आपला फोन पहिल्या ओळीतील शेतकऱ्याच्या हाती दिला व तो हातोहात पुढे देण्यास सांगितले. चार जणांनी चित्र पाहिले. पाचव्याचे बोट लागून चित्र सरकले आणि त्याच्या जागी दुसरेच आले. नवव्या हातात फोनचा पडदा विझला. शेवटच्या ओळीत बसलेले एक वयस्क शेतकरी सभा संपल्यावर हसत म्हणाले, "साहेब, फोन आमच्यापर्यंत आला तेव्हा तो झोपला होता."

त्या वेळी सारेच हसले. पुढे दिवाळीच्या सुमारास मात्र त्याच शेवटच्या ओळीतील एका शेतकऱ्याच्या शेतावर जाण्याचा योग आला, तेव्हा हसण्यासारखे काही राहिले नव्हते. त्याने हिरवी बोंडे वेळेवर फोडून पाहिली होती. आत त्याला बारीक पांढरट अळी दिसलीही होती. परंतु "गुलाबी बोंडअळी गुलाबी असते, ही तर पांढरी आहे," असे समजून त्याने ती सोडून दिली. वस्तुतः ही अळी लहानपणी पांढरटच असते. तिचे डोके तेवढे गडद तपकिरी असते आणि गुलाबी रंग तिला वाढल्यावर येतो. नेमके हेच त्या दिवशी फोनमधील चित्रात दाखविले होते, आणि नेमके तेच त्याला दिसले नव्हते. त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या वेचणीत कवडी कापूस निघाला. दोष त्याचा नव्हता. पस्तीस माणसांना तळहाताएवढ्या पडद्यावर शिकवू पाहणाऱ्याचा तो दोष होता.

हा प्रश्न नवा नाही

एकच माहिती अनेकांपर्यंत एकाच वेळी कशी पोहोचवावी, हा विस्तारकार्यातील जुना प्रश्न आहे. सन १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली होती. गावातील मंडळी एका रेडिओसभोवती जमत, कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर आपसांत चर्चा करीत. नुसते ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा केल्याने ज्ञान अधिक टिकते, हा त्या प्रयोगाचा मुख्य धडा होता. पुढे २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली दूरदर्शनवर 'कृषि दर्शन' सुरू झाले आणि दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत सामुदायिक संचांवर ते पाहिले जाऊ लागले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यावरील 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम आजही अनेक शेतकऱ्यांच्या स्मरणात आहे. २०१५ पासून 'डीडी किसान' ही शेतीला वाहिलेली स्वतंत्र वाहिनीही आहे.

या सर्व साधनांत माहितीचा ओघ शहराकडून गावाकडे येत असे. मुंबईत चित्रित केलेले शेत पाचोऱ्यात दिसे. त्याचा उपयोग मोठा होता व आजही आहे, परंतु त्यात आपल्या बांधावरील रोप दिसत नसे. फोनचा पडदा दूरचित्रवाणीवर आणता आला की ही उणीव भरून निघते. सकाळी आपल्याच शिवारात खुडलेले बोंड संध्याकाळी आपल्याच गावच्या संचावर साऱ्या गावाला दाखविता येते. या साधनाचे खरे मोल येथे आहे.

चित्र कसे जाते ?

फोन आपल्या पडद्यावरील चित्र एका सेकंदात अनेक वेळा टिपतो, त्याचा आकार दाबून लहान करतो आणि तारेतून अथवा वाय-फायच्या लहरींतून संचाकडे पाठवितो. संच ते चित्र पुन्हा उलगडून दाखवितो. या दाबण्या-उलगडण्यास थोडा वेळ लागत असल्याने बिनतारी जोडणीत फोनवरील हालचाल संचावर किंचित उशिराने दिसते. हा बिघाड नव्हे.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 'मिररिंग' म्हणजे फोनवर जे जे दिसते ते सारे जसेच्या तसे संचावर दिसणे. 'कास्ट' म्हणजे फोनने संचाला केवळ चित्रफितीचा पत्ता सांगणे व संचाने ती स्वतः इंटरनेटवरून आणून दाखविणे. पाण्याचे उदाहरण घेऊ. मिररिंग म्हणजे विहिरीचे पाणी स्वतः घागरीने वाहून नेणे होय. कास्ट म्हणजे पाटकऱ्याला कोणते दार उघडावयाचे ते सांगून आपण बांधावर बसणे होय. पहिल्या प्रकारात वाहणारा दमतो, म्हणजे फोनची बॅटरी लवकर उतरते. दुसऱ्या प्रकारात पाटाला पाणी असावे लागते, म्हणजे संचाला इंटरनेट मिळावे लागते. शेतीशाळेत स्वतः काढलेली छायाचित्रे, हवामानाचा अंदाज व कॅमेऱ्यातील जिवंत चित्र दाखवावयाचे असल्याने आपणास मुख्यतः मिररिंगच लागते.

जोडणीचे चार मार्ग

(१) थेट बिनतारी जोडणी : वाय-फाय अलायन्स या संस्थेने २०१२ साली 'मिराकास्ट' नावाची पद्धत प्रमाणित केली. आज मिळणारे पुष्कळसे अँड्रॉइड फोन व स्मार्ट टीव्ही ती जाणतात. तिचा मोठा गुण असा की तिला इंटरनेट लागत नाही व राउटरही लागत नाही. फोन व संच एकमेकांशी थेट बोलतात. ज्या गावात नेटवर्क जेमतेम येते, तेथे ही पद्धत सर्वांत सोयीची ठरते.

(२) एकाच वाय-फायवरील जोडणी : ज्या संचात 'गुगल कास्ट'ची सोय आहे, त्याच्याशी फोन जोडण्यास दोन्ही एकाच वाय-फायवर असावे लागतात. ग्रामपंचायतीत वाय-फाय नसल्यास दुसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून संच व दाखवावयाचा फोन असे दोन्ही त्यास जोडावेत. आयफोनची पद्धत निराळी असून तिला 'एअरप्ले' म्हणतात. आयफोन मिराकास्ट जाणत नाही. म्हणून संचावर एअरप्लेची सोय आहे किंवा नाही, हे आधी पाहावे.

हा भेद पाचोरेकरांना समजावून सांगावयास नको. मुंबईहून आलेल्या मोठ्या गाडीचा डबा जामनेरच्या अरुंद रुळांवर चालत नसे. प्रवाशाला पाचोऱ्यास उतरून छोट्या गाडीत बसावे लागे. जामनेरच्या त्या गाडीची फेरी २०२० मध्ये थांबली, परंतु तिचा धडा येथे कामी येतो. दोन्ही गाड्या उत्तम असल्या तरी रुळांचे माप जुळल्याखेरीज डबा पुढे जात नाही. फोन व संच यांच्या पद्धतीचेही तसेच आहे.

(३) तारेची जोडणी : संचाच्या मागे किंवा कडेला 'एचडीएमआय' नावाचे चपटे छिद्र असते. फोनच्या टाइप-सी छिद्रातून तेथपर्यंत केबल नेल्यास चित्र व आवाज दोन्ही जातात. चित्रास विलंब जवळजवळ होत नाही व मध्येच तुटण्याची भीतीही नसते. परंतु येथे एक फसगत संभवते. टाइप-सी छिद्र असलेल्या प्रत्येक फोनमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. कमी किमतीच्या पुष्कळ फोनांत ते छिद्र केवळ चार्जिंग व फायलींच्या देवघेवीसाठी असते. छिद्रात केबल नीट बसते, परंतु संचावर काहीच दिसत नाही. म्हणून केबल घेताना दुकानातच आपला फोन लावून चित्र येते किंवा नाही हे पाहावे व मगच पैसे द्यावेत. शक्य तर चार्जिंगसाठी वेगळे छिद्र असलेला जोड घ्यावा, अन्यथा फोन चालू असता त्यास चार्ज करता येत नाही.

(४) जुना संच असल्यास : संच स्मार्ट नसला, परंतु त्याला एचडीएमआय छिद्र असले, तर त्यात बसणारी टीव्ही स्टिक घेता येते. तीही घ्यावयाची नसेल, तर फोनमधील छायाचित्रे पेन ड्राइव्हवर उतरवून तो संचाच्या यूएसबी छिद्रात लावावा. छायाचित्रे 'जेपीजी' व चित्रफिती 'एमपी४' प्रकारच्या असल्यास बहुतेक एलईडी संच त्या दाखवितात. यात जिवंत चित्र दाखविता येत नाही, परंतु तयारी करून घेतलेल्या सभेस ही पद्धत पुरेशी आहे व तीत बिघाडाचा संभव सर्वांत कमी आहे. नवीन साधन घेण्यापूर्वी जवळ आहे त्याचा उपयोग करून पाहावा, हा नियम येथेही लागू पडतो.

जोडणीची कृती

बिनतारी जोडणी करताना पुढील क्रम ठेवावा.

प्रथम संच सुरू करून दूरनियंत्रकावरील 'इनपुट' किंवा 'सोर्स' कळ दाबावी आणि यादीतून 'स्क्रीन मिररिंग', 'स्क्रीन शेअर' अथवा 'मिराकास्ट' यांपैकी जे नाव दिसेल ते निवडावे. त्यानंतर फोनचे वाय-फाय सुरू करावे. येथे इंटरनेट नसले तरी वाय-फाय सुरू असणे आवश्यक आहे. मग फोनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढावे. जी चौकट उघडते, तीत निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांवर 'स्मार्ट व्ह्यू', 'कास्ट', 'स्क्रीनकास्ट' किंवा 'स्क्रीन मिररिंग' अशी नावे आढळतात. त्यावर बोट ठेवताच जवळपासच्या संचांची यादी येते. तीत शेजारच्या घरातील संचही दिसू शकतो. म्हणून आपल्या संचाचे नाव आधी पाहून ठेवावे व तेच निवडावे. संचाने अनुमती विचारल्यास ती दूरनियंत्रकाने द्यावी. काही क्षणांत फोनचा पडदा संचावर दिसू लागतो.

नंतर फोन आडवा धरावा. याचे महत्त्व अनेकांच्या ध्यानात येत नाही. ३२ इंची संचाचा पडदा सुमारे ७१ सेंमी रुंद व ४० सेंमी उंच असतो. फोन उभा धरल्यास त्याचे चित्र संचावर मधोमध सुमारे १८ सेंमी रुंदीच्या पट्टीत दिसते व पडद्याचा तीन चतुर्थांश भाग काळा राहतो. फोन आडवा करताच चित्र संपूर्ण रुंदी व्यापते. फोनचा 'ऑटो रोटेट' पर्याय बंद असल्यास तो सुरू करावा.

फोनचा भिंगासारखा उपयोग

छायाचित्रे दाखविण्याहूनही अधिक उपयुक्त असा एक प्रयोग आहे. संचास जोडलेल्या फोनचा कॅमेरा सुरू करावा, फोन लाकडी चौकटीवर अथवा दोन विटांच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि खाली पांढऱ्या कागदावर कपाशीचे बोंड, मक्याचा पोंगा किंवा केळीच्या पानाचा तुकडा ठेवावा. कॅमेऱ्याच्या चौकटीत सात सेंटीमीटर रुंदीचा भाग मावला, तर ३२ इंची संचावर तो सुमारे आठपट मोठा दिसतो. एक सेंटीमीटर लांबीची अळी तेथे आठ सेंटीमीटरांची होते. एक मिलिमीटरचा फुलकिडा, जो एरवी धुळीचा कण वाटतो, तोही चालताना दिसतो. फोन फार जवळ नेल्यास चित्र धूसर होते. अशा वेळी तो थोडा वर उचलून दोन बोटांनी चित्र मोठे करावे. उजेड एका बाजूने पडेल अशी व्यवस्था ठेवावी.

या रीतीने पुढील गोष्टी सभेत सर्वांसमक्ष दाखविता येतात :

कपाशीमध्ये, एका एकरातून निरनिराळ्या झाडांची २० हिरवी बोंडे आणावीत व ती एकेक करून कॅमेऱ्याखाली फोडावीत. २० पैकी २ बोंडांत अळी आढळली, तर प्रादुर्भाव दहा टक्के, म्हणजे उपाय योजण्याच्या पातळीवर आला असे समजावे. कामगंध सापळ्यातील पतंगांची मोजणीही अशीच सर्वांसमोर करावी. प्रत्येक सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग सापडल्यास तीही धोक्याची खूण होय. फुले न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली डोमकळी उघडून दाखवावी, म्हणजे तिच्यातील अळी सर्वांच्या ओळखीची होईल.

मक्यामध्ये, भारतात २०१८ पासून आढळणाऱ्या लष्करी अळीच्या डोक्यावरील उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी खूण व शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके पडद्यावर स्पष्ट दिसतात. एकदा ही खूण डोळ्यांत बसली की शेतकरी पुढे भिंगाविनाही ती ओळखू शकतो.

औषधाच्या डब्यावरील मजकूर

याच साधनाचा आणखी एक उपयोग असून प्रस्तुत लेखकास तो सर्वांत मोलाचा वाटतो. कीटकनाशकाच्या बाटलीवरील पत्रक इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असते, की ते कोणी वाचीत नाही. चष्मा लागलेल्या शेतकऱ्यास तर ते वाचणे अशक्यच असते. सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, ही घटना आपण विसरता कामा नये.

बाटली कॅमेऱ्यासमोर धरावी व तिच्यावरील पत्रक संचावर ओळीओळीने मोठ्याने वाचून घ्यावे. प्रथम रंगीत खूण दाखवावी. लाल रंग म्हणजे अतितीव्र विष, पिवळा म्हणजे तीव्र विष, निळा म्हणजे मध्यम व हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य विष होय. हिरव्या खुणेचे औषधही विषच आहे, हे आवर्जून सांगावे. नंतर कोणत्या पिकासाठी व कोणत्या किडीसाठी शिफारस आहे, प्रमाण किती, फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यावेत, विषबाधा झाल्यास कोणता उपचार सांगितला आहे आणि मुदत कधी संपते, हे क्रमाने पाहावे. फवारणी बहुधा मजूर करतात. म्हणून या सभेस मजूर बंधुभगिनींना आवर्जून बोलवावे. ज्याच्या पाठीवर पंप असतो, त्यालाच पत्रकातील मजकूर ठाऊक नसावा, हे योग्य नव्हे.

सावधगिरी

मिररिंगमध्ये फोनवरील सारे काही संचावर दिसते, हे पूर्वी सांगितलेच आहे. एका सभेत बोंडअळीचे चित्र चालू असता लेखकाच्या घरून आलेला "येताना तूरडाळ आणा, संपली आहे" हा निरोप चाळीस माणसांनी वाचला व सभेस थोडी करमणूक झाली. त्या निरोपाच्या जागी बँकेचा ओटीपी अथवा खात्यातील शिल्लक आली असती, तर मात्र ती करमणूक ठरली नसती. सबब जोडणीपूर्वी फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू करावे, बँकेची व पैशांच्या व्यवहाराची ॲप बंद करावीत, खासगी छायाचित्रांऐवजी केवळ सभेची छायाचित्रे एका वेगळ्या अल्बममध्ये ठेवून तोच उघडावा आणि सभा संपताच जोडणी तोडावी. सभेच्या कामी शक्य तर एक स्वतंत्र फोन ठेवावा.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. आपल्या समोरच्या संचावर फोनचा पडदा दाखविणे वेगळे आणि दूरच्या अनोळखी माणसाला तो दाखविणे वेगळे. अनुदान जमा करून देतो, केवायसी पूर्ण करून देतो, असे सांगून भामटे शेतकऱ्यास एखादे ॲप उतरवून घ्यावयास लावतात किंवा व्हिडिओ कॉलवर 'स्क्रीन शेअर' करण्यास सांगतात. असे करताच शेतकऱ्याच्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी भामट्यास आपल्या जागी बसून वाचता येतो. दुरून फोन पाहण्याच्या व चालविण्याच्या ॲपमधून होणाऱ्या अशा फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता. व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' नावाची फाईल, ती कोणत्याही योजनेच्या नावाने आलेली असो, कदापि उघडू नये. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी व बँकेस कळवावे. विलंब जितका अधिक, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

थोडक्यात नियम असा की, संच आपल्या डोळ्यांसमोर असेल तरच आपला पडदा दाखवावा.

सामान्य अडचणी व उपाय

संचाचे नाव यादीत न आल्यास संच मिररिंगच्या पानावर आहे ना, हे पाहावे. फोनचे वाय-फाय एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे आणि तरीही न आल्यास दोन्ही साधने बंद करून पुन्हा चालू करावीत. चित्र अडखळत असल्यास फोन संचाच्या जवळ, दोन-तीन मीटरांच्या आत आणावा व मधली गर्दी हटवावी. मनुष्यदेहही वाय-फायच्या लहरी अडवितो. आवाज फोनमधून न येता संचातून येतो, त्यामुळे तो संचावरच वाढवावा. काही ॲप उघडली असता संचावर केवळ काळा पडदा दिसतो. बँकांची व सशुल्क चित्रपटांची ॲप चित्र बाहेर जाऊ देत नाहीत. ही त्यांची सुरक्षा असून संचाचा दोष नव्हे. बॅटरी लवकर उतरत असल्याने सभेस येताना फोन पूर्ण चार्ज करून आणावा.

वीज जाण्याची शक्यता नेहमीच असते. ३२ इंची एलईडी संचास साधारणतः ५० वॅटच्या आसपास वीज लागते. एवढा भार ग्रामपंचायतीतील वा घरचा इन्व्हर्टर सभेपुरता सहज पेलतो.

सभा कशी भरवावी ?

साधन कितीही चांगले असले तरी सभेची रीत चुकली तर ते वाया जाते. ३२ इंची संचासमोर पंधरा-वीस माणसेच नीट पाहू शकतात. त्याहून अधिक मंडळी असल्यास दोन तुकड्या कराव्यात किंवा मोठा संच मिळवावा. संच बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीहून थोडा वर, उन्हाची तिरीप पडणार नाही अशा जागी ठेवावा. अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून घेतलेले संच आहेत. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने शाळा सुटल्यावर त्यांचा उपयोग करता येईल. ज्येष्ठांना व स्त्रियांना पुढील ओळीत बसवावे. जोडणीचे काम गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाकडे वा मुलीकडे सोपवावे. त्यांना ते आपल्याहून लवकर जमते.

चित्र दाखविल्यानंतर लगेच सल्ला देऊ नये. "हे काय आहे ?" असे आधी विचारावे. दोन-तीन उत्तरे येऊ द्यावीत, त्यांवर वाद होऊ द्यावा व मगच योग्य ती ओळख सांगावी. १९५६ च्या श्रोतृमंडळांनी शिकविलेली हीच रीत आहे. शेवटी काय ठरले, ते एका वहीत लिहून ठेवावे आणि पुढील सभेत त्याच शेताची नवी छायाचित्रे दाखवून निर्णय बरोबर ठरला की चुकला, हे सर्वांनी पाहावे. चुकला तर तसे मोकळेपणाने नोंदवावे. पुढच्या हंगामात तीच नोंद सर्वांत अधिक कामी येईल. ज्या किडीची वा रोगाची ओळख गावात पटत नाही, तिची छायाचित्रे व नमुना घेऊन आपले सहाय्यक कृषि अधिकारी, कृषि विज्ञान केंद्र अथवा महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे तज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. केवळ चित्रावरून औषध ठरविण्याची घाई करू नये.

समारोप

आरंभी उल्लेखिलेल्या गावी पुढील हंगामात शेतीशाळा भरली, ती शाळेच्या वर्गात, भिंतीवरील संचासमोर. मागील वर्षी ज्याचा कापूस कवडी झाला होता, त्या शेतकऱ्याने स्वतः आणलेले बोंड कॅमेऱ्याखाली धरून फोडले. आत पांढरट, तपकिरी डोक्याची अळी होती. पडद्यावर ती बोटाएवढी दिसत होती. इतरांनी ओळखण्यापूर्वी तोच म्हणाला, "हीच ती. रंगावर जाऊ नका." त्या एका वाक्याने जे काम झाले, ते लेखकाच्या दहा व्याख्यानांनी झाले नसते.

शेतकरी बंधुभगिनींनो, फोन आपल्याजवळ आहे, संच गावात आहे आणि दोहोंना जोडणारी सोय बहुतेक ठिकाणी आधीपासूनच त्यांच्यातच बसविलेली आहे. या आठवड्यात एका संध्याकाळी ही जोडणी करून पाहावी. यंदाच्या हंगामात आपल्या गावी शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसालाही पहिल्या ओळीइतकेच दिसले, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे समजता येईल.